पर्सिव्हलची पाठ गरम आहे

२ डिसेंबर १९७३, सायंकाळ

आजपासून माझ्याकडे कासव आहे. मला नको होतं. शेजारच्या पार्वतम्मा लेकीच्या बाळंतपणासाठी दीड महिना माळशिरसला गेल्या, आणि सोलापूरच्या अख्ख्या बाळीवेशीत कासव ठेवायला भरवशाचं घर त्यांना एकच सापडलं. त्यात नवल नाही. एकतीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. एकही कॉल चुकीच्या माणसाला जोडला नाही. जोडला असेल तर त्या माणसाने तक्रार केली नाही.

टांगा दारात उभा होता. पार्वतम्मा मराठीत सूचना देऊ लागल्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, कन्नडमध्ये सांगा, तुम्हाला सोपं जाईल. विजापूर-गुलबर्ग्याच्या लाइनवर माझा जन्म गेला, मला सगळं कळतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग त्या चार मिनिटं श्वास न घेता बोलल्या. मी योग्य त्या जागी ‘हौद्री’, म्हणजे ‘हो जी’, म्हणत होते.

सारांश असा. ‘दिना मुंजानी बिसलु.’ म्हणजे रोज सकाळी गरम दूध. बिसी म्हणजे गरम, हालु म्हणजे दूध. घाईत बोलताना माणसं दोन्ही एकात गुंडाळतात. दुसरं, ‘कल्लिन म्याल’ असं त्या दोनदा म्हणाल्या, तेही माझ्या मागच्या अंगणाकडे बोट दाखवून. कळ्ळ म्हणजे चोर. विजापूरच्या फौजदाराचे कॉल मीच जोडायचे, हा शब्द मला पाठ आहे. तेव्हा गरम दूध द्यायचं आणि अंगणाकडून येणाऱ्या चोरापासून जपायचं. बाकीचा तपशील गौण होता.

टांग्यात बसल्यावर मात्र त्या मराठीत म्हणाल्या, “संक्रांत झाली की पोरगा मला हुबळीला नेणार, फोनबाई. दुसऱ्या मजल्यावर घर. हे तिथं कुठं नेऊ? तुमच्याकडं रमलं तर तुमच्याकडंच राहू दे.”

‘बघू’ म्हटलं. कासवावाचून अडावं इतकं माझं घर रिकामं नाही.

कोठीची खोली मोजली. कासवाला पुरेल. पुढच्या वर्षीही पुरेल.

३ डिसेंबर

नाव ठेवलं. पर्सिव्हल. पार्वतम्मा त्याला नुसतं ‘आमे’ म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये कासव. माणसाला ‘ए माणसा’ म्हणून हाक मारण्यातला प्रकार. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आहेत, चालणं सावकाश, बोलणं नाही. पुण्याच्या कॉन्व्हेंटात आम्हाला घडवू पाहत होते ते हेच.

धुण्याभांड्याला येते त्या गोजाबाईला ‘पर्सिव्हल’ म्हणून दाखवायला सांगितलं. ती ‘परशा’ म्हणाली. तीनदा सुधारलं. तीनदा परशा.

वर तिने मला अक्कल शिकवली. पार्वतम्मांकडेही तीच कामाला असते ना. म्हणाली, “बाई, ह्याला उनात सोडा की. तितं धुन्याच्या दगडावर पडून असतंय सकाळच्याला. तुमचा दगुड बी झ्याक हाय.”

मी तिला माझे पुढच्या खोलीतले पडदे दाखवले. एके काळी ते मरून रंगाचे होते. उन्हाने वस्तूचं काय होतं ते बघ म्हटलं. शिवाय उन्हात पसरणं हे कुणाच्याच घरंदाजपणाचं लक्षण नाही. सिस्टर आम्हाला खेळाच्या तासालाही हॅट घालायला लावायच्या.

गोजाबाई म्हणाली, “पडदा न्हाय हो त्यो, जित्राब हाय.”

पडदे ओढून घेतले.

कोठीला कुलूप. चावी कॅलेंडरच्या मागे खिळ्याला. तिथे कुणाला सुचणार नाही.

५ डिसेंबर, सकाळी ११.२०

रोजच्याप्रमाणे साडेनऊला दोन चमचे गरम दूध बशीत ओतलं, कोठीत ठेवलं, कुलूप लावलं आणि वाचनालयात गेले. इंग्रजी पेपरात आज सात चुका. पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवल्या.

परत येऊन कोठी उघडली. बशी लख्ख. मांजरसुद्धा इतकी स्वच्छ चाटत नाही. आणि पर्सिव्हलची पाठ गरम आहे. हात ठेवून खात्री केली. डोळे टकटकीत, मान बाहेर, चाल तुरुतुरु.

दोन चमचे दुधात एवढी ऊब. याचा कुणी अभ्यास केलेला दिसत नाही.

८ डिसेंबर

पाठीवर तापाचा थर्मामीटर धरला. साडेनऊला दुधाआधी पारा जागचा हलत नाही. सव्वाअकराला शंभरच्या वर. दूध पोटात जातं, पोट तापतं, पोटाची ऊब पाठीत जाते. पाठीचं कवच जाड असल्याने ती तिथेच राहते. थर्मासच्या तत्त्वावर.

गोजाबाईला समजावून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून खोकत राहिली. थंडीचे दिवस आहेत.

१२ डिसेंबर

पर्सिव्हलला एक खोड आहे. कोठीच्या झरोक्यातून सकाळी उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडतो, वीतभर. पर्सिव्हल त्या पट्ट्यात जाऊन उभं राहतं. पट्टा सरकला की तेही सरकतं. पट्टा भिंतीवर चढला तेव्हा पुढचे दोन्ही पाय भिंतीला लावून उभं होतं.

झरोक्याच्या दिशेने पळून जाण्याचा प्रयत्न. किंवा बाहेरून कुणी खुणावत असेल. पार्वतम्मा चोराचं उगीच नाही म्हणाल्या.

झरोक्याला पुठ्ठा ठोकला. आता त्याचं लक्ष विचलित होणार नाही.

१७ डिसेंबर

एका इंग्रजी मासिकाला पत्र लिहायला घेतलं. विषय: कासवास गरम दुधाचा आहार, सोलापूर येथील पंधरा दिवसांची निरीक्षणे. पहिलं पान झालं. त्यात माझी सेवा, पद आणि निवृत्तीचं वर्ष आलं. दुसऱ्या पानावर कासव येईल.

महिला मंडळात व्याख्यानही देता येईल. मला त्यांनी अजून बोलावलेलं नाही, ती त्यांची अडचण.

पर्सिव्हल संध्याकाळी माझ्या खुर्चीखाली येऊन बसतं. बाकी चार कोपरे मोकळे असताना. नोंद केवळ अभ्यासासाठी.

२१ डिसेंबर

संशयास्पद प्रकार. पर्सिव्हलच्या तोंडाला जास्वंदीची पाकळी चिकटलेली. जास्वंद अंगणात आहे. पर्सिव्हल कोठीत आहे. मधे कुलूप आहे.

शिवाय चावी खिळ्यावर उलटी. मी दाते भिंतीकडे करून अडकवते, आज दाते माझ्याकडे होते.

चोर येतो. पण नेत काहीच नाही. कोठीतला साखरेचा डबा जसाच्या तसा. म्हणजे चोराचा डोळा एकाच गोष्टीवर आहे.

२६ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

नेहमीसारखी साडेनऊला निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले, दहा वाजेपर्यंत पानाच्या दुकानापाशी उभी राहिले. पानवाला तीनदा ‘काय पायजे’ म्हणाला. मग परत आले, बोळातून, मागच्या दाराने.

धुण्याच्या दगडावर पर्सिव्हल. मान पूर्ण लांब, इतकी लांब की ती आत मावते कशी असा प्रश्न पडावा. चारही पाय चार दिशांना सोडलेले. डोळे मिटलेले. उरुसातून परतलेला माणूस पारावर पडावा तसं. आणि शेजारी गोजाबाई, पाय पसरून, माझ्या कपातून चहा पीत.

मी म्हटलं, “हे काय आहे?”

ती म्हणाली, “उनाला लागलंय. बगा की, कसं पाय सोडल्यात. बोलू नका मोट्यानं, मान आत घालतंय.”

“दूध कुठे आहे त्याचं?”

तिने कपाकडे पाहिलं. “ते दूद पीत न्हाय, बाई. पयल्या दिवशीच तोंड फिरवलं. वतून टाकायचं जिवावर आलं, म्हनून च्या केला.”

म्हणजे कासवाच्या तोंडचं दूध. कॅलेंडरमागची चावी. अंगणाकडूनचा चोर. पार्वतम्मांनी पहिल्याच दिवशी बोट दाखवलं होतं.

मी तिला चोर म्हटलं.

गोजाबाईने कप विसळला, पालथा घातला, चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “अकरा वर्सं हाय तुमच्याकडं. आज तेवडं ऐकायचं ऱ्हायलं हुतं.” आणि गेली. धुणं अर्धं पिळलेलं तसंच.

पर्सिव्हलला ताबडतोब अंधारात नेलं, वारा घातला. मूर्च्छाच होती ती. वेळेवर पोचले.

२८ डिसेंबर

घर शांत. दोन कुलुपं. भांडी मीच घासते. गोजाबाई त्यात तासभर का घालवायची कळलं. कढईला खालून काहीतरी कायमचं आहे.

दुधावर साय आली होती. पर्सिव्हलने चाखलंही नाही. धक्क्यातून सावरतंय.

३० डिसेंबर

पाठ गार. सव्वाअकरालाही गार. दुपारी गार. दूध दोनाचे चार चमचे केले. पालक ठेवला, काकडी ठेवली. तिन्ही तशीच.

चादरीत गुंडाळलं. चांगली सोलापुरी, दुहेरी विणीची. चादरीत गरम पाण्याची पिशवी. तासाभराने चादर गरम, पिशवी कोमट, पर्सिव्हल गार.

खुर्चीखाली आलं नाही. मीच उचलून ठेवलं. तिथेच राहिलं, पण त्याला येणं म्हणत नाहीत.

१ जानेवारी १९७४

नव्या वर्षाचे संकल्प: आवाज चढवायचा नाही. इंग्रजी पत्र पुरं करायचं. पर्सिव्हलने डोळे उघडेपर्यंत दुसरा संकल्प स्थगित.

कालपासून ते डोळे उघडत नाही. पायाला बोट लावलं तर आत घेतं, पण फार सावकाश. पार्वतम्मा तेरा तारखेला येणार, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला. त्यांना काय दाखवायचं?

पार्वतम्मांचं सोडा. मला काय बघावं लागणार आहे?

३ जानेवारी

गुरांच्या दवाखान्यात गेले. टोपीच्या जुन्या खोक्यात पर्सिव्हल. रांगेत माझ्यापुढे दोन बैल, एक शेळी. बैलवाला म्हणाला, “खोक्यात काय हाय, मावशी?” कासव म्हटलं. त्याने बैल बाजूला घेतला आणि म्हणाला, “जावा पुढं. माझा बैल लंगडतोय, पन डोळं तरी उघडं हाईत.”

डॉक्टर सिद्धलिंगप्पा म्हणून आहेत. तरुण, नीटनेटके, अक्कलकोटकडचे. मराठीत विचारू लागले. मी म्हटलं, कन्नडमध्ये विचारा, अडचण नाही.

त्यांनी विचारलं, “बिसलाग बिडतीरेन्री?”

मी म्हटलं, “हौद्री. दिना मुंजानी. एरडु चमचा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. खोक्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, मराठीत म्हणाले, “बाई, दोन चमचे ऊन तुम्ही देता कसं?”

मी विचारलं, कोणतं ऊन?

“उन्हात सोडता का, असं विचारलं मी. बिसलु म्हणजे ऊन. सूर्याचं. ह्या जिवाला स्वतःची ऊब नसते. सकाळी उन्हात पडतं, अंग तापतं, तेव्हा त्याला भूक लागते, तेव्हा खाल्लेलं पचतं. पुरे झालं की आपणच सावलीत जातं. तुम्ही काय देत होता?”

मी दूध म्हणाले नाही. आहार म्हटलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘कल्लिन म्याल’चा आपल्याकडे अर्थ काय होतो.

“दगडावर.”

“चोर नाही?”

“चोराचा ळ वेगळा. हा साधा कल्लु. दगड.” मग म्हणाले, “त्याला दगडावर उन्हात ठेवा, असं कुणीतरी सांगितलेलं दिसतं तुम्हाला.”

ग्रामीण उच्चार. विजापूरच्या लाइनवर असं बोलत नसत. खरखर असायची, पण उच्चार स्वच्छ.

मागचा बैलवाला सगळं ऐकत होता. म्हणाला, “उनाला पैसं न्हाईत, मावशी. चमच्यानं कशाला?”

५ जानेवारी

ऊन हाती घेतलं आहे. आता ते शिस्तीत होईल. वेळापत्रक: सात ते नऊ ऊन, नऊला आत. सकाळ म्हणजे सात ते नऊ. कॉन्व्हेंटात तेव्हाच असायची.

अडचण एवढीच की शेजारच्या भिंतीमुळे माझ्या अंगणात सात ते नऊ ऊन येत नाही. म्हणून स्टुलावर उभी राहून कपाटाचा आरसा समोरच्या गच्चीच्या दिशेने धरला. उन्हाचा तुकडा पकडला आणि पर्सिव्हलवर टाकला. तो त्याच्यावर राहीना. एकदा जास्वंदीवर गेला, एकदा समोरच्या चनमल्लप्पांच्या दाढीवर. ते गच्चीवर दाढी करत होते. ओरडले, “फोनबाई, कापलं की मला.”

नऊला दंड भरून आले. पर्सिव्हलला आत नेलं. नंतर साडेनऊला बघितलं तर धुण्याचा दगड उन्हाने भरून गेला होता. पण वेळ संपली होती.

६ जानेवारी

पुन्हा आरसा. पुन्हा नऊ.

साडेनऊला नियम मोडून बाहेर ठेवलं. दगडाच्या बरोबर मध्ये, आणि हलू नये म्हणून चारी बाजूंना पाट आणि पुस्तकं लावली. वीस मिनिटांनी त्याने डोकं आत ओढलं. मी छत्री धरली. मग ऊन लागेना. छत्री काढली. धरली. काढली. मी काय करतेय ते मला कळेना. ते त्याला तर आधीपासूनच कळत नसणार.

गोजाबाई नुसती शेजारी बसायची. काहीच करत नव्हती. तेच नेमकं कसं करायचं हे मी विचारलं नव्हतं.

७ जानेवारी, दुपार

पर्सिव्हलचा खोका घेऊन, टांगा करून अक्कलकोट रोडला गेले, टॉवेलच्या कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. अकरा वर्षांत गोजाबाईचं घर पाहिलेलं नव्हतं. पत्ता विचारत गेले. एक खोली, दारात एक मोठा काळा दगड. ती भाकरी करत होती. उठली नाही.

“चोर म्हनला तुमी मला,” एवढंच म्हणाली.

मी खुलासा केला. कन्नडमध्ये चोर आणि दगड हे शब्द धोकादायक रीतीने जवळ आहेत. पार्वतम्मा दगड म्हणाल्या होत्या. ऐकण्यात चोर आलं.

गोजाबाईने भाकरी उलटली. “मंजे मी दगुड?”

“तू नाही. दगड म्हणजे दगड.”

“मग चोर कोन?”

“कुणीच नाही.”

“तेवडं म्हना की मग.”

म्हटलं. “तू चोर नाहीस, गोजाबाई.” दाराशी दोन बायका उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं.

तिने हात पुसले आणि खोका उघडला. पर्सिव्हलला बघून तिचा चेहरा बदलला. “काय केलं वो ह्याचं,” म्हणाली, माझ्याकडे न बघता. दगडावर ठेवलं. बाजूला बांबूची एक पाटी तिरकी उभी केली. अर्धा दगड उन्हात, अर्धा सावलीत. म्हणाली, “जिकडं जायचं तिकडं जाईल. आपन लुडबुडायचं न्हाय.” आणि भाकऱ्यांकडे परत गेली.

मी पाऊण तास उभी होते. मग एक पाय बाहेर आला. मग मान, बोटभर. मग डावा डोळा.

उजवा उघडेपर्यंत टांगेवाला थांबेना.

उपचारांसाठी तिथेच ठेवलं आहे. तात्पुरतं. कामाला परत येणार का, असं विचारलं. “दुसरी घरं धरली,” म्हणाली.

१० जानेवारी

पाहून आले. अर्धी काकडी खाल्ली. पाठ गरम आहे.

कोठीतला पुठ्ठा काढला. पट्टा जमिनीवर पडला. सरकत भिंतीपर्यंत गेला, एकटाच.

संक्रांतीनंतरची व्यवस्था कागदावर मांडली. तीन पानं. पर्सिव्हल माझ्याकडेच का असावं, याची कारणं. पहिली दोन पानं माझ्या अनुभवाची. तिसऱ्यावर लिहिलं की मी आता शिकले आहे. ते खोडलं. पुन्हा लिहिलं.

१३ जानेवारी

पार्वतम्मा आल्या. नातू झाला, पेढे. मग, “आमे कुठाय?”

वाटेत टांग्यात सगळं सांगितलं. थोडक्यात सांगणार होते, पण त्या प्रश्न विचारत गेल्या. दूध ऐकून त्यांनी टांगा थांबवायला लावला. हसताना त्यांना श्वास घेता येईना. मग हसू गेलं.

“मी मराठीतच सांगत होते, फोनबाई. तुम्हीच म्हणालात कन्नडमध्ये बोला. मधेमधे हौद्री, हौद्री म्हणत होतात. मला वाटलं समजतंय.”

मी म्हटलं, बरंचसं समजलं होतं. रोज आणि सकाळ हे अचूक होतं.

वस्तीत पोचलो तेव्हा पर्सिव्हल दगडावर होतं, पाय सोडून. पार्वतम्मांनी हाक मारली तशी मान थोडी वळवली. ते उठलं नाही. गोजाबाईने कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या तेव्हा उठलं. माझ्या पायावरून गेलं, काड्यांकडे.

पार्वतम्मा बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “हे इथंच राहू दे. गोजा, ठेवशील?”

“ऱ्हाऊ दे की,” गोजाबाई म्हणाली.

मग पार्वतम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मीही हेच सुचवणार होते, असं सांगितलं. तीन पानं पर्समध्ये होती. पर्स उघडली नाही.

टांग्यात त्या माझ्या हाताला हात लावून कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. मी हौद्री म्हटलं नाही. मराठीत सांगा म्हटलं. म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणाले.”

वाईट वगैरे काही वाटलेलं नाही.

२० जानेवारी

इंग्रजी पत्र रद्द. महिला मंडळालाही कळवलं की व्याख्यान देऊ शकणार नाही. त्यांनी उलट निरोप पाठवला की कोणतं व्याख्यान.

वाचनालयात आता दुपारी जाते. सकाळी नऊच्या बसने अक्कलकोट रोड. पर्सिव्हलला कुणाचं तरी शास्त्रीय निरीक्षण हवंच, आणि गोजाबाई त्या वेळी कामावर निघायच्या घाईत असते.

आज तिने पालथी बादली दिली बसायला. दगडाजवळ बसले. ऊन चांगलं होतं. पर्सिव्हल पाटीखालून बाहेर आलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्याच बाजूला येऊन थांबलं. दुसरी बाजू पूर्ण मोकळी होती. नोंद करायला वही काढली. तेवढ्यात ते पुन्हा सरकलं. मग अजून थोडं. मी बादली त्याच्याजवळ ओढली. ते पुन्हा सरकलं.

गोजाबाई दाराला कुलूप लावत होती. म्हणाली, “बाई, जरा पलीकडं व्हा. तुमची सावली पडतीया त्याच्यावर.”

झाले.